आक्काताई आणि शुक्रवारची पूजा

आमच्या चिंचतळीच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, म्हणून गेल्या महिन्यात स्मरणिका निघाली. कागद गुळगुळीत. पहिल्या पानावर अध्यक्ष हंबीरराव, दुसऱ्यावर हंबीररावांचे वडील, तिसऱ्यावर पुन्हा हंबीरराव, हार घालून घेताना. आणि चव्वेचाळिसाव्या पानावर, खताच्या दुकानाच्या जाहिरातीखाली, आक्काताई कांबळे. चार ओळी. त्यातली शेवटची अशी: ‘ग्रंथपाल आक्काताई यांचा स्वभाव शांत व मनमिळाऊ आहे.’

शांत! मला हसताना असा ठसका लागला की नात शिवानी तांब्या घेऊन पळत आली. हसून झाल्यावर मात्र जे डोकं तापलं ते अजून निवलेलं नाही. ज्या बाईच्या रागावर हे वाचनालय उभं आहे, तिला तुम्ही शांत म्हणता? तिचा राग काढून घेतला तर मागं उरतं काय, टेबल आणि खुर्ची? आक्काताईनं स्वतःच्या प्रतीत त्या शब्दांवर लाल पेन मारलंय आणि ती प्रत दर्शनी कपाटात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, उघडी करून ठेवलीय.

म्हणून आता मी लिहितो. मी आकाराम. गावच्या शाळेत सातवी, दूध संस्थेत चौतीस वर्षं, आणि वाचनालयाच्या कमिटीत पहिल्यापासून. शिवानी म्हणते, आजोबा, तुम्ही सुरू झाला की गाडी कोडोलीला निघते आणि पन्हाळा फिरून येते. फिरून येईना का, पोचते ना?

आक्काताई एक्क्याण्णव साली ग्रंथपाल झाली. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातला देव्हारा उतरवला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं मांडली. त्या कोनाड्याखाली ही पोरगी वाढली. कोल्हापुरात जाऊन ग्रंथपालनाची परीक्षा पास झालेली गावात ती एकटीच होती, म्हणून कमिटीला तिला घेण्यावाचून इलाज नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण स्मरणिकेत ‘संस्थेने संधी दिली’ असं छापलंय.

पहिले काही महिने दोनचार जण पुस्तक तिच्या हातातून घ्यायचे नाहीत. “टेबलावर ठेव,” म्हणायचे. ती ठेवायची आणि म्हणायची, “टेबल बी मीच पुसलंय. आता कसं करतासा?” मी तसं म्हणणाऱ्यांत नव्हतो. ऐकून खिडकीबाहेर बघणाऱ्यांत होतो.

आणि ते फाटक्या पानाचं सांगायलाच हवं. एका रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी फाडलं. खून कुणी केला ते त्याच पानावर. आक्काताईनं देवघेवीची वही काढली आणि ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक नेलं होतं त्यांची घरं, नेल्याच्या क्रमानं, पालथी घालायला घेतली. वहीत घरं अकरा होती. नवव्या घरात, पिराजी सुताराच्या खोक्यात, ते पान सापडलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर पिराजीनं एका दाराच्या चौकटीचं माप लिहिलं होतं. तिनं त्याला वाचनालयात उभा केला आणि ते पान मोठ्यानं वाचायला लावलं. आता गंमत अशी की तिथं बसलेल्या तिघांचं ते पुस्तक अजून वाचायचं राहिलं होतं. खुनी कोण ते फुकटात कळल्यावर ते तिघं पिराजीवर असे धावले की आक्काताईलाच मधे पडावं लागलं.

तर अशी शांत बाई.

दोन हजार एक साली तिला कळलं की सरकारी योजनेत वाचनालयांना संगणक मिळणार आहेत, वर्षभराच्या इंटरनेटसकट, आणि ते गावातल्या कुणालाही वापरता येणार आहेत. झालं. तिनं आधी स्वतः शिकायचं ठरवलं. दुपारची एसटी धरून कोल्हापूर, तिथून सिटी बसनं राजारामपुरी, तिथं एका क्लासमध्ये अठरा वर्षांच्या पोरांत ही एकेचाळीस वर्षांची. पहिल्या दिवशी शिकवणारा म्हणाला, “मावशी, ॲडमिशन कुणाची?” ही म्हणाली, “मावशी म्हणायचं तर म्हण, बाबा, पर आधी ही खुर्ची सरकव, मला बसू दे.” तीन महिने रोज गेली. पाच वाजता परत वाचनालयाच्या दारात हजर, कुलूप उघडायला.

मग तिनं अर्ज केला. पहिला गेला तो गेलाच. दुसऱ्याला उत्तर आलं की खोली नाही. तिनं मागची अडगळीची खोली स्वतः झाडली, वायरमन बोलावला आणि खोलीचा फोटो लावून तिसरा अर्ज धाडला. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये संगणक मंजूर झाला.

संगणक आला तो टेम्पोतून, हलगीच्या कडकडाटात. वेशीपासून वाचनालयापर्यंत गुलाल. खोक्यावर गुलाल, टेम्पोवर गुलाल, ड्रायव्हर ओळखू येईना. हंबीररावांनी फीत कापली, नारळ फोडला, ‘मी हा संगणक खेचून आणला’ असं भाषण केलं. अर्ज करणारी बाई मागच्या खोलीत वायरी जोडत होती. तिला कुणी बोलावलंही नाही. मी टाळ्या वाजवत होतो. मला मिरवणुकीची पहिल्यापासून हौस.

आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली हंबीररावांच्या खिशात. दारावर पाटी: ‘चपला बाहेर काढाव्यात. आत प्रवेश नाही.’ प्रवेशच नाही तर चपला कशाला काढायच्या, हे पाटी रंगवणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

आक्काताई मीटिंगमध्ये उभी राहिली. “खोली कवा उघडायची?”

हंबीरराव म्हणाले, “उघडायची घाई कशाला? जडवस्तूंच्या रजिस्टरला नोंद झालीया त्याची. उद्या तपासणीला साहेब आलं, आन एक ओरखडा दिसला, तर वाचनालयाचा दर्जा खाली येईल. संस्थेची शोभा हाय ती.”

“कपाटाची बी नोंद हाय की रजिस्टरला. त्येला रोज उघडतो न्हवं?”

“कपाट येगळं. ह्ये नाजूक काम हाय.”

“नाजूक हाय म्हणूनच शिकून आलोय की मी!”

“आक्काताई,” हंबीरराव हसून म्हणाले, “तू पुस्तकं बघ. यंत्राचं आम्ही बघतो.”

बघतो म्हणजे काय, तर शुक्रवारी पूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं नांगर, करवत, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते, तशी त्याची झाली. पण नांगर दुसऱ्या दिवशी शेतात जातो. हा कुठं जाणार? मग कमिटीनं ठरवलं की दर शुक्रवारी पाच सभासदांनी पाळीपाळीनं पूजा करायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती, तांब्यातलं पाणी आणि अक्षता. मला ही पाळी फार आवडायची, खोटं कशाला लिहू? धुतलेलं धोतर नेसून जायचो. तेव्हाचे ते पडदे टीव्हीसारखे बोजड, मागं ढेरी सुटलेले. वरच्या अंगाला बारीक फटी असायच्या, आतली ऊब बाहेर जायला. ते आता माहीत झालं. तेव्हा मी हंबीररावांना म्हणालो होतो, “कंपनीवाली माणसं लई हुशार बघा. उदबत्ती खोचायला भोकं ठेवल्यात.” आणि खोचायचो.

आक्काताईनं एकदा दारातून ते पाहिलं. मला म्हणाली, “तात्या, आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी बापानं पुस्तकं ठेवली. तुम्ही पुस्तकांच्या घरात देव्हारा आणलासा. आता त्येला वापरणार कोण, देव?”

मी म्हणालो, “अगं, चांगलंच हाय की. लक्ष्मीच ती.”

“लक्ष्मी कुलपात हाय आन गाव दारात,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गेली.

डिसेंबरात तपासणीला साहेब आले. त्यांनी संगणकाला ओरखडा आहे का ते पाहिलंच नाही. वापरणाऱ्यांची वही मागितली. वही कोरी. साहेब म्हणाले, “हे यंत्र लोकांसाठी दिलंय की भिंतीसाठी?” हंबीररावांच्या तोंडाकडं बघवेना. मला आतून उकळ्या फुटत होत्या, पण मी जमिनीकडं बघत राहिलो. आक्काताई मात्र सरळ हंबीररावांकडं बघत होती. हसली नाही. तिला हसायला वेळ नव्हता. चार महिने वाया गेल्याचा हिशोब तिच्या तोंडावर लिहिलेला होता.

जानेवारीपासून खोली उघडली. संध्याकाळी पाच ते आठ. अट एकच: शुक्रवारची पूजा चालू राहील. आक्काताई म्हणाली, “करा. पर साडेचारला करा आन पाचला निघा.”

त्या अडीच महिन्यांत ती खोली बघायला पाहिजे होती! फोनच्या तारेतून किर्र-खर्र असा आवाज यायचा, कोंबडीचा गळा धरल्यासारखा, आणि मग इंटरनेट लागायचं. तोवर सगळे श्वास धरून. कुणाच्या पोरीचा नर्सिंगचा निकाल, कुणाला द्राक्षावरच्या रोगाचा फोटो, कुणाला नुसतंच मुंबईचं हवामान. मुंबईच्या हवामानाचं तुला काय रे? तर म्हणे, “असू दे की, कळलं तर काय बिघाडतंय!” गिरणीत दळण लावलेल्या बायका पीठ पडेपर्यंत येऊन बसायच्या. आक्काताईनं पाटीवरची ‘प्रवेश नाही’ ही ओळ खडूनं रंगवून टाकली होती.

आणि रोज पाचच्या ठोक्याला तानाबाई. तानाबाई म्हणजे हंबीररावांची सख्खी चुलती, सत्तरीला टेकलेली. तिचा एकुलता एक लेक विजयसिंह मस्कतला क्रेनवर कामाला. तानाबाईच्या घरात फोन नव्हता. शेजारी होता, पण शेजारणीशी बांधावरून भांडण, तिचा उंबरा चढायचा नाही. विजयसिंहाच्या साहेबाच्या ऑफिसात संगणक होता. हे आक्काताईनं शोधून काढलं आणि माय-लेकराचा पत्रव्यवहार सुरू करून दिला. मराठी अक्षरं त्यात तेव्हा नीट उमटत नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. तानाबाई सांगायची, आक्काताई टिपायची.

“लिव: म्हस व्याली. रेडी झाली. कपाळाला पांढरा डाग हाय, तुझ्यावानी.”

“काकी, त्येच्या कपाळाला डाग हाय?”

“लहानपणी विळीवर पडला हुता. तू लिव, त्येला कळतंय.”

दुसऱ्या दिवशी मस्कतहून उत्तर: ‘रेडीचं नाव काय ठेवलं?’ त्यावर तानाबाई जी हसली! पदर तोंडात कोंबून हसली. तीन वर्षं कोडोलीच्या फोनबूथवर लेकाचा आवाज सहामाहीला एकदा ऐकणारी बाई, आता रोज त्याच्याशी भांडत होती. दोघांचं एकदा आमटीच्या कांद्यावरून चार दिवस चाललं.

मग मार्च उजाडला. शुक्रवारी माझी पाळी होती. शनिवारी संध्याकाळी आक्काताईनं विजयसिंहाचं पत्र उघडलं, वाचायला सुरुवात केली, “आई, लिवायचं म्हंजे असं की…” आणि पडद्यातून ‘फट्’ असा आवाज झाला. बारीक धूर आला. तिनं झटकन वीज बंद केली. पडदा काळा. तानाबाई विचारत राहिली, “आगं, पुढं काय म्हणतोय त्यो?”

सोमवारी मीटिंग. हंबीरराव जणू वाटच बघत होते. डिसेंबरातला अपमान पोटात होता ना! म्हणाले, “मी सांगत हुतो. सगळ्या गावानं हात लावला त्येला. काय काय हात! शेणाचं, मातीचं, आन…”

आणि थांबले.

खोलीत कमिटीची आम्ही पाच माणसं आणि आक्काताई. सहाही जणांना पुढचा शब्द कळला होता.

“थांबलासा का?” आक्काताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि मला त्याचंच भ्या वाटलं. “म्हणा की पुढचं. तेरा वर्षं ह्याच हातानं तुम्हाला पुस्तकं दिली. एकाचं बी पान जळलं न्हाई. आता मशीन उघडा. कोल्हापुरातनं जाणता माणूस आणतो मी. माझ्यासमोर उघडा, आन माझ्या हातानं काय झालंय ते मला दाखवा.”

“कंपनीचा हमीचा कागद चिकटवलाय त्येला. उघडाय येत न्हाई.”

“मग माझ्यावर आळ तरी कशाला चिकटवतासा?”

हंबीररावांनी वही ओढली. ठराव लिहिला: ‘ग्रंथपालांनी बेजबाबदारपणे कोणासही यंत्र हाताळू दिल्याने ते निकामी झाले. सबब त्यांना कामावरून थांबविण्यात येत आहे.’ वही फिरली. चार सह्या झाल्या आणि माझ्यासमोर आली.

आता हे लिहिताना माझा स्वतःवरचा राग मला आवरत नाही. कारण मला शंका आली होती. शुक्रवारी मी तांब्यातलं पाणी जरा जास्त शिंपडलं होतं. उदबत्ती फटीत खोचताना एक झेंडूची पाकळी आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मनात आलं, बोलावं. मग दुसरं आलं, एवढ्या माणसांत आपलंच नाव कशाला? मी सही केली. वळणदार सही केली, नेहमीसारखी.

घरी गेलो तर बायकोनं जेवायला वाढलं आणि विचारलं, “आक्काताईला काढली म्हणं? कुणी?” मी म्हणालो, “कमिटीनं.” ती म्हणाली, “कमिटीत तुम्ही असतासा न्हवं?”

पुढचे सहा आठवडे आक्काताई रोज पाच वाजता यायची आणि वाचनालयाच्या पायरीवर बसायची. आठ वाजता उठून जायची. आत हंबीररावांचा एक पाहुणा खुर्चीवर बसून पेपर वाचायचा. बायका पायरीपर्यंत यायच्या, तिला बघायच्या आणि तिच्याजवळच बसायच्या. शेजारी तानाबाई. ती रोज विचारायची, “आज तरी उघडतील काय गं?” मला घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. मी जवळून जायचो. आक्काताई नुसती म्हणायची, “काय तात्या, शुक्रवारची पूजा झाली का?” मेलेल्या यंत्राची पूजा आम्ही चालूच ठेवली होती. काय माणसं होतो आम्ही!

मेमध्ये तिनं तानाबाईला एसटीत घातलं आणि राजारामपुरीत नेलं. तिथं रिक्षास्टँडजवळ एक इंटरनेटचं दुकान होतं, कृष्णात नावाच्या माणसाचं. तो संगणक दुरुस्तही करायचा. पत्रं तर कुठूनही उघडतात, आमच्याच खोलीत थोडीच अडकलेली असतात! आक्काताईला हे माहीत होतं, पण ती थांबली होती, कारण तिला ते यंत्र गावात सुरू व्हायला हवं होतं. आता मात्र तानाबाईनं खाणं कमी केलं होतं.

तिथं विजयसिंहाची सहा पत्रं होती. पहिलं सरळ. दुसऱ्यात, ‘उत्तर का नाही?’ तिसऱ्यात, ‘शेजारी फोन केला, त्यांनी नाव ऐकून ठेवून दिला. बरी आहेस ना?’ चौथ्यात, ‘सुटी मागितली, देत नाहीत.’ पाचव्यात, ‘माझ्यापासून काय लपवतायत?’ आणि सहाव्यात एकच ओळ. ‘आई, हायस का?’

आक्काताईनं ती वाचली. तानाबाई त्या पडद्याला म्हणाली, “हाय की रं.” आणि मग आक्काताईकडं वळून, “मला मेली समजला गं त्यो.”

आक्काताईनं तिथल्या तिथं उत्तर धाडलं. मग कृष्णातला म्हणाली, “हत्यारं घ्या. माझ्यासंगट चला.”

“मावशी, दुकान सोडून…?”

“दुकान उद्या बी असंल. चला.”

तिघं चिंचतळीत उतरली ती थेट हंबीररावांच्या अंगणात. आम्ही दोघंतिघं तिथं चहा पीत होतो. आक्काताई एका बाजूला झाली. बोलली तानाबाई.

“हंबीर, किल्ली दे.”

“काकी, तुम्ही कशाला ह्यात…”

“माझ्या लेकानं तिकडं परमुलखात मला जाळून राख सावडली असंल मनात! आन तू हितं बशी तोंडाला लावून बसलायस? किल्ली दे, न्हाईतर खिशात हात घालतो मी. लहानपणी घातलाय तुझ्या खिशात, चोरलेलं शेंगदाणं काढाय.”

चुलतीपुढं काय करणार? किल्ली आली. आम्ही सगळे मागं मागं गेलो. गिरणीतल्या बायका आल्या, पिराजी हातातला रंधा तसाच घेऊन आला. कृष्णातनं टेबलावर कालचा पेपर अंथरला. पडद्याचं मागचं टोपण उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

“पावणं,” तो हंबीररावांना म्हणाला, “हितं कुणाचं लगीन लागलं काय?”

आणि त्यानं ते टोपण पेपरवर उपडं केलं. अक्षता. लालसर, चिकटलेल्या, मूठभर. कुंकवाचा थर, पाण्यानं गोळा झालेला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. उदबत्तीच्या काड्यांची बुडखी, चार. आणि मुंग्या, जिवंत, आम्ही त्यांच्या घरात आल्यासारख्या पळणाऱ्या. आतली हिरवी पट्टी एका जागी काळी पडलेली. त्यावर कुंकू.

“पाणी कुणी शिंपडलं?” कृष्णातनं विचारलं. “ह्यात वीज खेळती, आन तुम्ही पाणी घालतासा? माणूस मेला असता.”

मी आक्काताईकडं पाहिलं. शनिवारी त्या यंत्राला हात लावून बसली होती ती. मी नव्हतो.

हंबीरराव घसा खाकरून म्हणाले, “आता, म्हंजे, ह्ये नेमकं कुणी…”

“मी,” मी म्हणालो. “शुक्रवारी पाणी मी शिंपडलं. उदबत्ती मी खोचली. आन त्याआधी तुम्ही, आन ह्यो, आन त्यो. पाळीची वही हाय, बघा पायजे तर.”

आक्काताईनं तो पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला, त्याचा पुडा बांधला आणि टेबलावर आपटला. “ह्ये शेणाचं हात न्हवं. मातीचं बी न्हवं. आन त्यादिवशी म्हणायचं राहिलेलं, त्ये हात बी न्हवं. ह्ये धुतलेलं हात हायत.”

हंबीररावांनी आपले हात पाठीमागं नेले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. हंबीररावांनी काय करावं? शाल आणि नारळ आणून ठेवला. म्हणाले, गैरसमज झाला, आपण आक्काताईचा सत्कार करू. तो नारळ बघून तिचं जे टाळकं सरकलं, ते मी जन्मात विसरणार नाही. “पुन्हा नारळ? आता हेबी त्या मशीनवर फोडणार काय? उचला ते! मला सत्कार नको. ठराव खोडा. आन ज्यांनी सह्या केल्या त्यांनी आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, काय केलं ते वहीत लिवा.”

मी पहिला पुढं झालो. लिहिलं, ‘पूजेच्या वेळी अनवधानाने चूक झाली.’ तिनं वाचलं.

“झाली? आपोआप? वळवाचा पाऊस पडला, तशी चूक झाली? कुणी केली ते लिवा, तात्या. ठरावात माझं नाव चांगलं ठळक लिवलं हुतं तुम्ही.”

मी पुन्हा लिहिलं. नावानिशी. ‘मी आकाराम, पाणी शिंपडले. माझ्याच्याने बोलवले नाही. दोष दुसऱ्यावर घातला.’ बाकीच्यांनीही लिहिलं. हंबीररावांनी सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक अक्षरात. ती वही अजून आहे. स्मरणिका काढणाऱ्यांनी ती उघडली नाही, ‘मनमिळाऊ’ लिहिणं सोपं.

किल्ली तेव्हापासून तिच्याकडं आहे. दार काढूनच टाकलं तिनं, पिराजीकडून, किल्ली नुसती खिळ्याला टांगलेली. पडदा कृष्णातनं बदलून दिला, तोवर जून लागला. योजनेतलं इंटरनेट ऑगस्टपर्यंतच होतं. बारा महिन्यांतले सहा-सात आम्ही कुलपात आणि पूजेत घालवले. नर्सिंगच्या निकालाला आलेल्या पोरीची धाकटी बहीण त्या वर्षी फॉर्म भरायची राहिली. ती आज विटाभट्टीवर जाते. ती दिसली की आक्काताई माझ्याकडं बघते. पुढं इंटरनेट चालू ठेवण्यासाठी तिनं कुणाकुणाशी कशी भांडणं केली, ती एकेक हकिगत एकेका संध्याकाळची आहे.

पडदा पुन्हा उजळला त्या दिवशी, पाच वाजता, सगळे जमले होते. तानाबाई पुढं. आक्काताईनं तिला बाजूला बसवलं आणि मला म्हणाली, “तात्या, बसा खुर्चीवर.”

“मी? मला कुठं येतंय?”

“शिकवतो की. विजयसिंहाला लिवायचंय. सहा पत्रांना उत्तर का गेलं न्हाई त्ये त्येला अजून धड कळलेलं न्हाई. त्ये आईनं कशाला सांगायचं? मी तरी कशाला?”

मी दारात चपला काढल्या, सवयीनं, आणि आत गेलो.

“तात्या, चपला घाला,” ती मागून ओरडली. “देवळात न्हाई आलासा.”

मी परत गेलो. चपला घातल्या. खुर्चीवर बसलो. एका बोटानं एकेक अक्षर शोधत मी लिहायला लागलो. माझं नाव लिहायलाच पाच मिनिटं गेली. बायका हसत होत्या, पिराजी हसत होता. आक्काताई हाताची घडी घालून मागं उभी होती आणि हसत नव्हती. पाऊण तासानं पत्र झालं. विजयसिंहा, तुझी आई जित्ती आहे, पत्रं मी अडवली, पाणी मी शिंपडलं, आक्काताईचा काही दोष नाही.

तिनं वाकून एकदा वाचलं. मी विचारलं, “बरं हाय?”

“बरं कशाला असंल?” ती म्हणाली. “पर खरं हाय. धाडा.”